‘असणं’ हे पाप नाही

रविवारच्या दुसऱ्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात एका आईने मला बाजूला घेतलं. मुलगा तेवीस वर्षांचा. दर महिन्याला मिस्सात वाचन करायचा, चार महिन्यांपासून देवळात पाऊल टाकलेलं नाही. घरी त्याने सांगून टाकलंय की मुलींविषयी ओढ वाटत नाही, मुलांविषयी वाटते. आईने पदराची गाठ सोडत-बांधत विचारलं, “सर, त्याने दर वेळी फादरांकडे याचं पापनिवेदन करायचं का?”

मी पंधरा वर्षं धर्मशिक्षणाचे वर्ग घेतो. या प्रश्नामागचं वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की आता चीड येते : “आपल्या धर्मात तसं असणं हेच पाप.” नाही! कॅथोलिक चर्च हे शिकवत नाही.

वर्गात आपण मुलांकडून काय घोकून घेतो? गंभीर पापाला तीन गोष्टी लागतात. बाब गंभीर हवी, ती गंभीर आहे हे ठाऊक हवं आणि ती जाणूनबुजून, स्वखुशीने केलेली हवी. ओढ कुणी स्वखुशीने लावून घेत नाही. मग जे निवडलंच नाही त्याचं पापनिवेदन कसलं? १९८६ साली कार्डिनल रात्झिंगर यांनी, म्हणजे पुढच्या पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी, जगभरच्या बिशपांना या विषयावर पत्र पाठवलं. पत्र चांगलंच कडक आहे. तरी त्यातही स्पष्ट म्हटलंय की ही प्रवृत्ती स्वतः पाप नाही, आणि अशा माणसांना शब्दांनी वा कृतीने छळणं निषेधार्ह आहे. १९९२च्या कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथाचा २३५८वा परिच्छेद तर त्यांचा आदराने आणि कळवळ्याने स्वीकार करा, अन्यायाचा भेदभाव टाळा, असं बजावतो.

त्याच्या आधीचा परिच्छेदही वाचायला हवा. तिथे समलिंगी शरीरसंबंध नैतिकदृष्ट्या अमान्य केले आहेत, आणि २३५९मध्ये शुद्धतेचं, म्हणजे शरीरसंबंधाविना जगण्याचं आवाहन आहे. प्रवृत्तीलाही ‘विस्कळीत’ अशा अर्थाचा शब्द वापरला आहे. तो शब्द एखाद्या विशीतल्या पोराला किती खोल लागतो, हे मी समोर बसून पाहिलंय. पण शिकवण गोड करून सांगणं हीसुद्धा दिशाभूलच. प्रवृत्ती वेगळी, कृती वेगळी, हा फरक तिने केलाय. तो आपण पुसून टाकतो आणि माणसालाच पाप ठरवतो.

लगेच कुणीतरी सदोम नगरीचं नाव घेतं. यहेज्केलच्या सोळाव्या अध्यायातलं एकोणपन्नासावं वचन उघडून पाहावं. तिथे सदोमचा दोष म्हणून गर्व, पोटभर अन्न, निवांत सुख आणि गरिबाला हात न देणं एवढं मोजलंय. पुढच्या वचनात अमंगळ कृत्यांचा उल्लेख येतो. पारंपरिक शिकवणीचा आधार लेवीय आणि रोमकरांस पत्रातही आहे, तेव्हा वाद तिथे घाला, सदोमवर सगळा भार टाकू नका. करिंथकरांस पहिल्या पत्रातल्या दोन ग्रीक शब्दांचा नेमका अर्थ काय, यावर अभ्यासक आजही भांडतात. इंग्रजी बायबलात त्या जागी ‘होमोसेक्शुअल’ हा शब्द पहिल्यांदा आला तो १९४६च्या सुधारित आवृत्तीत.

“पाप आहे, मग गुन्हाही असायला हवा,” हे दुसरं. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलम इंग्रज सरकारने १८६०च्या दंडसंहितेत घातलं. १९६५मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप मायकल रॅम्झी यांनी अशा कृतींना पाप मानूनही त्या गुन्हा ठरू नयेत म्हणून ब्रिटिश संसदेत पाठिंबा दिला. डिसेंबर २०१३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ३७७ कायम ठेवलं, तेव्हा मुंबईचे आर्चबिशप ओस्वाल्ड ग्रेशियस यांनी समलिंगी विवाहाला विरोध ठेवूनच सांगितलं की चर्चने या माणसांना कधी गुन्हेगार मानलेलं नाही. त्याच खटल्यात कलम टिकावं म्हणून झगडणाऱ्यांत ख्रिस्ती संस्थाही होत्या, हेही खरं.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. पोपने समलिंगी लग्न मान्य केलेलं नाही. १८ डिसेंबर २०२३च्या व्हॅटिकन घोषणेत जोडप्यांना साधा आशीर्वाद देण्याची मुभा आहे, विवाहविधीची नाही. सगळी चर्चेस एका मताची नाहीत : अमेरिकेतल्या एपिस्कोपल चर्चने २०१५मध्ये अशी लग्नं लावायला परवानगी दिली, युगांडाच्या अँग्लिकन नेतृत्वाने २०२३च्या कठोर कायद्याला पाठिंबा दिला. सदसद्विवेक फक्त अशी लग्नं लावायला नकार देणाऱ्यांकडे असतो असंही नाही. स्वतःच्या मुलाचं समलिंगी लग्न लावलं म्हणून २०१३मध्ये मेथडिस्ट पाळक फ्रँक शेफर यांची दीक्षा काढून घेतली गेली. तेही सदसद्विवेकालाच स्मरून उभे होते.

आणि प्रार्थनेने ‘बरं’ होतं म्हणणाऱ्यांना इतकंच सांगतो : हेच काम करणारी ‘एक्झोडस इंटरनॅशनल’ ही मोठी ख्रिस्ती संस्था २०१३मध्ये माफी मागून बंद झाली. आपल्याकडे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२मध्ये असे ‘उपचार’ करणं हे डॉक्टरांचं गैरवर्तन ठरवलं.

त्या आईला मी म्हटलं, “पापनिवेदन नको. आणि कुणी रिट्रीटला न्या, तिथे सुटका होईल म्हणालं, तर नेऊ नका.”

ती म्हणाली, “आणि उद्या तो कुणाबरोबर राहायला लागला तर?”

“तेव्हा चर्च काय म्हणतं ते मी बदलून सांगणार नाही. पण त्याच्या विवेकाचा निर्णय तुम्ही-मी घेणार नाही.” वाचनाच्या पाळ्यांचा तक्ता माझ्याच खिशात होता. पुढच्या महिन्याचा तिसरा रविवार रिकामा होता. त्यावर मुलाचं नाव लिहून तक्ता तिला दाखवला.