पंचवीस कोटी लेख, अठ्ठावीस पावलं

ओपनॲलेक्स ही जगभरातल्या संशोधन-लेखांची मोफत सूची २०२२ साली सुरू झाली. अलेक्झांड्रियाच्या प्राचीन ग्रंथालयावरून तिला नाव दिलं आहे. दोन-अडीच वर्षांतच तिच्यातल्या नोंदी २५ कोटींच्या पुढे गेल्या. पंचवीस कोटी हा शब्द पटकन उच्चारता येतो, पण डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही. म्हणून तो आकडा वाचनालयाच्या जुन्या लाकडी कपाटात घालून बघू.

तालिकेचं कार्ड ज्यांनी हाताळलंय त्यांना ते आठवत असेल. खालच्या कडेला भोक, त्यातून ओवलेली सळई, बोटांनी मळलेल्या कडा. एका कार्डाची जाडी पाव मिलिमीटर धरू. लेखागणिक एकच कार्ड केलं, तरी २५ कोटी कार्डांची रांग साडेबासष्ट किलोमीटर लांब होते. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचं. त्याच्या दारातून खण ओढायला लागलो, तर तो काकती, यमकनमर्डी, संकेश्वर मागे टाकून निपाणीच्या वाटेला लागेल. आणि वाचनालयात एका कार्डावर कधीच भागत नसे. लेखकाचं वेगळं, शीर्षकाचं वेगळं, विषयाचं वेगळं. तिन्ही ठेवली तर खण कोल्हापूर ओलांडून कराडच्या आसपास पोचतो. नुसती शीर्षकं सेकंदाला एक या वेगाने वाचायची म्हटली, तर रात्रंदिवस न थांबता जवळपास आठ वर्षं लागतात.

बेळगाव-वेंगुर्ला रस्त्याच्या फाट्यावरून आत उचगावात मोबाइल घेऊन बसलेल्या विद्यार्थ्याला मात्र याच ढिगातून उत्तर सेकंदाच्या आत मिळतं. हे कसं होतं, ते मला त्या ढिगापेक्षाही थक्क करणारं वाटतं.

यादी अक्षरक्रमाने लावलेली असेल तर शोधणारा थेट मधोमध जातो. हवा तो शब्द अलीकडे की पलीकडे, एवढं बघतो आणि अर्धी यादी सोडून देतो. उरलेल्या अर्ध्याचं पुन्हा अर्धं. शंभर नोंदींतून एक गाठायला अशी फार तर ७ पावलं लागतात, हजारातून १०, दहा लाखांतून २०. पंचवीस कोटींतून अठ्ठावीस! उद्या लेख दुप्पट होऊन पन्नास कोटी झाले, तर पावलं होतील एकोणतीस. जगाचं सगळं संशोधन दुपटीने वाढलं, तर शोधणाऱ्याला एक पाऊल जास्त.

यंत्र लेख वाचत बसत नाही. त्याने आधीच प्रत्येक शब्दापुढे, तो शब्द कुठल्या कुठल्या लेखांत आलाय त्यांचे क्रमांक लिहून ठेवलेले असतात. ‘निपाणी तंबाखू आंदोलन’ असं टाकलं, की तीन शब्दांच्या तीन याद्या निघतात आणि तिन्हींत सामाईक असलेले क्रमांक तेवढे उरतात. शेतकरी नेते शरद जोशींच्या नेतृत्वाखालचं १९८१ चं आंदोलन हुडकायला वरवर एवढं पुरेसं आहे.

पण सामाईक क्रमांक हजारो निघाले तर? गेल्या दहा वर्षांतली खरी सुधारणा या ठिकाणी झाली आहे. वैद्यकातल्या पबमेडमध्ये आज ३ कोटी ७० लाखांहून जास्त नोंदी आहेत. तिथे आधी निकाल तारखेप्रमाणे लागत, सर्वांत नवा तो वर. २०१७ मध्ये त्यांनी नवी पद्धत आणली. शब्दांच्या हिशेबाने आधी चाळणी करायची, मग वरचे ५०० लेख पुन्हा तोलायचे, आणि वाचकांनी पूर्वी काय उघडून पाहिलं यावरून शिकलेल्या यंत्राकडून त्यांचा क्रम लावून घ्यायचा. २०२० च्या नव्या पबमेडमध्ये हाच क्रम मुख्य झाला. बहुतेक वाचक पहिल्या पानापलीकडे जातच नाहीत, तेव्हा चाळिसाव्या पानावरचा उत्तम लेख नसल्यात जमा होता. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यांतला चौथा वाचकाचा वेळ वाचवण्याचा. ती पाचशेंची फेरतपासणी म्हणजे त्या नियमाचंच काम आहे.

त्यापुढची पायरी शब्द सोडून अर्थाने शोधण्याची. प्रत्येक लेखाचा सारांश ७६८ आकड्यांच्या एका माळेत बदलतात. अर्थाने जवळचे लेख, आकड्यांनीही जवळचे. पंचवीस कोटी लेखांचे होतात १९,२०० कोटी आकडे. एकेका आकड्याला चार बाइट दिले तर सगळे मिळून ७६८ गिगाबाइट, म्हणजे एक टेराबाइटच्या हार्ड डिस्कमध्ये मावतील इतकेच. पण प्रत्येक प्रश्नाला सगळ्यांशी ताडून बघायचं तर १९,२०० कोटी गुणाकार करावे लागतील. २०१६ मध्ये माल्कोव्ह आणि याशुनिन यांनी त्यावर वाट काढली. लेखांचं थराथरांचं जाळं विणायचं, वरच्या विरळ थरातून लांब उड्या मारत खाली यायचं आणि शेवटी शेजारपाजार तेवढा तपासायचा. कोट्यवधींऐवजी काही हजार लेख बघितले तरी बहुधा योग्य उत्तर हाती लागतं.

आता हेच मराठीत करून बघा. ‘शाळा’ शोधायचंय. मजकुरात असतं शाळेत, शाळेला, शाळेचा, शाळांमधून, शाळेपर्यंत. प्रत्यय आणि शब्दयोगी मिळून तीस धरले, एकवचन-अनेकवचन धरलं, तर साठ रूपं. प्रत्येकाला ‘च’ किंवा ‘ही’ लागू शकतं, म्हणजे एकशे ऐंशी. जुन्या अंकांत अनुस्वार वेगळे: गांव, नांव, कांहीं. ‘दुसऱ्या’ या शब्दातला अर्धा र संगणकावर दोन-तीन तऱ्हांनी टंकता येतो. डोळ्यांना सगळे सारखे दिसतात, यंत्राला ते निरनिराळे शब्द वाटतात. निपाणी आणि निप्पाणी, बेळगाव, बेळगांव आणि २०१४ पासून बेळगावी. उचगाव टाकलं तर कोल्हापूरजवळचं उचगाव पुढे येऊन उभं राहतं, आपलं बेळगावजवळचं मागे राहतं. हे सगळे फरक आधीच जुळवून घेणारी व्यवस्था ज्या संकेतस्थळावर नाही, तिथे मराठी वाचकाला समोर असलेला लेखही सापडत नाही.

पुण्याच्या एल३क्यूब गटाने २०२२ मध्ये ‘महाकॉर्पस’ हा मराठी मजकुराचा साठा खुला केला. त्यात २ कोटी ४८ लाख वाक्यं, २८ कोटी ९० लाख शब्द-घटक. यंत्राला मराठी शिकवण्यासाठी हे काम मोलाचं आहे, आणि ते इथल्या तरुणांनी केलंय याचा मला अभिमान वाटतो. गूगलने २०१८ मध्ये इंग्रजीसाठी बर्ट हे भाषा-प्रारूप तयार केलं, तेव्हा त्याला वाचायला दिले होते ३३० कोटी शब्द. मराठी मातृभाषा असलेले लोक मात्र २०११ च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख आहेत. कमी आहे तो यंत्राला वाचता येईल असा मजकूर.

संशोधन-लेख वाचायला मिळावेत म्हणून लागणाऱ्या पैशाचा आकडाही मोठा आहे. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही संशोधन-नियतकालिकं खुली करून देणारी योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० आंतरराष्ट्रीय प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं, ६,३०० वर सरकारी संस्था, जवळपास १ कोटी ८० लाख विद्यार्थी-शिक्षक. माणशी वर्षाला अकराशे रुपयांच्या आसपास. योजना चांगलीच आहे. पण सीमाभागातली कितीतरी महाविद्यालयं खासगी संस्थांची आहेत, ती योजनेच्या या टप्प्याच्या बाहेर राहतात. आणि त्या तीस प्रकाशकांकडून निपाणीच्या तंबाखूचा मराठी लेख काही येणार नाही.

तो आपल्यालाच सूचीत घालावा लागेल, आणि मराठीने असं काम पूर्वी केलेलं आहे. ‘दर्पण’ १८३२ मध्ये निघालं. तेव्हापासूनच्या नियतकालिकांचं रान शं. ग. दाते, दि. वि. काळे आणि शं. ना. बर्वे यांनी तुडवलं आणि १८०० ते १९५० या काळाची सूची हाताने तयार केली. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाने ती छापली. १९५० नंतरचं बरंचसं अजून गठ्ठ्यांत आहे. दहा पानी दैनिक, पानावर पंधरा मजकूर धरले, तर वर्षाचे ५४,००० होतात. रोज शंभर नोंदी करणाऱ्या माणसाला एका वर्षाच्या अंकांना दीड वर्ष लागेल. बाबुराव ठाकुरांनी १९१९ मध्ये बेळगावात सुरू केलेल्या ‘तरुण भारत’सारख्या शंभरी ओलांडलेल्या पत्राचं हे गणित माणसांच्या बळावर कधीच सुटणार नाही. अक्षर ओळखणारं यंत्रच तिथे हवं.

गावाच्या पातळीवर मात्र आकडे एकदम आवाक्यात येतात. उचगाव, कडोली, येळ्ळूर, सांबरा, कुद्रेमानी इथे मराठी साहित्य संमेलनं भरतात. संमेलनाध्यक्षांची भाषणं, स्मरणिका, स्थानिकांचे लेख घरोघरच्या कपाटांत पडून आहेत. शंभर पानांच्या वीस स्मरणिका म्हणजे दोन हजार पानं. मोबाइलने मिनिटाला दोन पानांचे फोटो काढले, तर सतरा तासांत एका गावाचं काम होतं. दोन पोरं, दोन रविवार. नंतर प्रत्येक लेखाला शीर्षक, लेखक, साल आणि गाव एवढ्या चार गोष्टी नीट टंकून द्यायच्या, गावापुढे जिल्हा न विसरता.