स्प्रिंगचे वेटोळे आणि मोटारीची उंची

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत कॅलिफोर्नियातील मेक्सिकन वंशाच्या तरुणांनी मोटारीच्या सौंदर्याविषयी एक स्वतंत्र दृष्टी जोपासली. गाडी रस्त्याला जितकी बिलगून, जितकी संथपणे चालेल तितकी ती देखणी, असे ते मानीत. आणि पैसा बेताचा असल्यामुळे जुन्या शेव्हरोले गाड्यांच्या डिकीत वाळूची पोती भरून किंवा त्यांच्या स्प्रिंगांची वेटोळी कापून ते आपली हौस पुरवीत. १९५८ साली त्या राज्यात असा कायदा अमलात आला की, गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली येता कामा नये. त्यावर रॉन अगिरे नावाच्या कारागिराने १९५९ मध्ये आपल्या कॉर्व्हेट गाडीला विमानातील द्रवचलित पंप बसवून, चालकाच्या इच्छेनुसार गाडी वरखाली करण्याची तजवीज केली. तो निर्बंध १ जानेवारी २०२४ पासून उठला. अगिरेच्या यंत्रणेला पैसा आणि कसब दोन्ही लागत. वेटोळे कापायला मात्र केवळ एक हत्यार पुरत असे, आणि म्हणूनच ती प्रथा जगभर पसरली व आजही टिकून आहे.

पुढे गाडी खाली बसवण्यासाठी मुद्दाम तयार केलेल्या, मूळ स्प्रिंगपेक्षा आखूड आणि अधिक ताठर अशा 'लोअरिंग स्प्रिंगा' बाजारात आल्या. जर्मनीतील आयबाख आणि एच अँड आर या कंपन्यांची नावे या क्षेत्रात सर्वतोमुखी आहेत. तथापि अशी तयार स्प्रिंग बसवल्यावरही मागची बाजू पुढच्यापेक्षा बोटभर उंच राहिली, किंवा चाक आणि मडगार्ड यांमधील पोकळी मनाजोगती भरली नाही, म्हणजे मालकाच्या मनात येते की, आणखी अर्धे वेटोळे कापले तर काय बिघडणार आहे? काय बिघडते आणि काय बिघडत नाही, हे गणिताने सांगता येण्यासारखे असल्यामुळे ते नीट समजून घेणे इष्ट होय.

लंडनच्या रॉबर्ट हुक याने १६७८ मध्ये स्प्रिंगविषयीचा आपला सिद्धांत उघड केला. स्प्रिंग जितकी ताणावी वा दाबावी तितक्याच प्रमाणात तिचा प्रतिकार वाढतो, हे त्याचे सार. परंतु वेटोळेदार स्प्रिंगमध्ये प्रत्यक्षात घडते ते काहीसे अनपेक्षित आहे: स्प्रिंग दाबली जाते तेव्हा तिची तार वाकण्यापेक्षा मुख्यतः पिळली जाते. वेटोळेदार स्प्रिंग ही वस्तुतः गुंडाळून ठेवलेली एक लांब पोलादी सळई असून, गाडीचा भार त्या सळईला पीळ देत असतो. लांब सळई सहज पिळते, आखूड सळई पिळायला जड जाते. म्हणून वेटोळे कापले की सळई आखूड होते आणि उरलेली स्प्रिंग अधिक ताठर बनते. कापणाऱ्याला हवी असते कमी लांबी; ताठरता तिच्याबरोबर न मागता येते, आणि या दोहोंची ताटातूट करणे कोणाच्याही हाती नाही.

हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, पुढच्या एका चाकावरील स्प्रिंगवर ३०० किलोचा भार आहे, तिची काम करणारी वेटोळी सहा आहेत, त्यांची मोकळी लांबी ३३० मिलिमीटर आहे आणि ती एक मिलिमीटर दाबण्यास अडीच किलो भार लागतो. गाडीखाली ही स्प्रिंग १२० मिलिमीटर दबून २१० मिलिमीटरवर स्थिरावेल. आता एक पूर्ण वेटोळे कापले, तर मोकळी लांबी ५५ मिलिमीटरने घटून २७५ होईल, परंतु ताठरता अडीच किलोवरून तीन किलोवर जाईल. साहजिकच तोच भार तिला १०० मिलिमीटरच दाबील आणि ती १७५ मिलिमीटरवर थांबेल. म्हणजे पट्टीने ५५ मिलिमीटर कापूनही स्प्रिंग भाराखाली ३५ मिलिमीटरच आखूड झाली. भाराखाली असलेल्या दोन वेटोळ्यांमधील अंतर जितके, तितकीच ही घट असते, आणि म्हणून मोजमाप करायचे ते काढून ठेवलेल्या स्प्रिंगचे नव्हे, गाडीखाली बसलेल्या स्प्रिंगचे.

खरा तोटा याहून खोल आहे. खड्ड्यातून जाताना चाक वर सरकण्यासाठी पूर्वी ७० मिलिमीटर जागा होती असे धरले, तर ती आता ३५ उरली. ताठरता वीस टक्क्यांनी वाढली खरी, पण बंप स्टॉपच्या रबरावर आदळण्यापूर्वी स्प्रिंग स्थिर स्थितीच्या पलीकडे जो आघात स्वतःत सामावून घेऊ शकत होती, तो एक तृतीयांशाहूनही कमी झाला. शिवाय गाडीचा हेलकावा जलद होतो. याच उदाहरणात मिनिटाला सुमारे ८६ हेलकावे खाणारी गाडी ९५ खाऊ लागेल, आणि मूळ स्प्रिंगसाठी जोखलेला शॉकअप त्यांना आवर घालण्यास अपुरा पडेल. कापलेल्या स्प्रिंगची गाडी ज्यांनी चालवली आहे त्यांना त्या उथळ, आदळत्या चालीचा त्रास ठाऊक असतो.

बाजारातील लोअरिंग स्प्रिंगच्या बाबतीत आणखी एक खुबी आहे, जी पुष्कळ हौशी कारागिरांच्या ध्यानी येत नाही. अशा अनेक स्प्रिंगांच्या एका टोकाला परस्परांना जवळजवळ चिकटलेली वेटोळी असतात. गाडीचे वजन पडताच ती पूर्ण मिटतात आणि मग ताठरतेत त्यांचा वाटा उरत नाही; त्यांपैकी एक कापले तर गाडी फार तर तारेच्या जाडीइतकी, म्हणजे दहाबारा मिलिमीटर, खाली येईल. मग ती ठेवलीच का? गाडी जॅकवर उचलली, किंवा चाक खोल खड्ड्यावर अधांतरी लोंबकळले, म्हणजे स्प्रिंग सैल पडून आपल्या बैठकीतून सुटू नये, हाच त्यांचा हेतू. अशी वेटोळी निरुपयोगी समजून कापणारा माणूस, स्प्रिंगला जागेवर जखडून ठेवणारा बंदोबस्तच काढून टाकतो. आणि सुटलेली स्प्रिंग भर वेगात तिरकी बसली तर चालकाच्या हाती फारसे काही उरत नाही.

टोकाचा आकार हाही असाच महत्त्वाचा प्रश्न. काही स्प्रिंगांचे टोक सरळ गोलाईत संपते, काहींचे आत वळून लहान होत जाते, आणि काहींचे टोक घासून सपाट केलेले असते. ज्या बाजूची बैठक सरळ संपणाऱ्या तारेसाठी घडवलेली आहे तीच बाजू कापता येते, आत वळलेले वा सपाट टोक कापल्यास उरलेली तार बैठकीत नीट बसतच नाही.

गॅस कटरने वेटोळे तोडण्याची जी रीत काही गॅरेजमध्ये दिसते, तिचा मी सर्वस्वी निषेध करतो. स्प्रिंगच्या पोलादाला जे पाणी दिलेले असते, त्यावरच तिची स्थितिस्थापकता अवलंबून असते. ज्योतीच्या उष्णतेने छेदाजवळचे पाणी उतरते, तिथले पोलाद नरम किंवा ठिसूळ होते आणि पुढे तिथेच तडा जातो. स्प्रिंग न काढता, जागच्या जागी तापवून गाडी 'बसवणे' हा तर याहून घातक प्रकार. कापायचेच झाल्यास ग्राइंडरच्या पातळ चक्रीने, थांबत थांबत, तार हाताला सोसेल इतकीच तापू देऊन कापावे. एका वेळी पाव वेटोळ्याहून अधिक काढू नये. डाव्या आणि उजव्या बाजूस तंतोतंत सारखे काढावे. आणि उघड्या पडलेल्या टोकाला गंजरोधक रंग द्यावा, कारण रंगाचा थर गेलेल्या जागी गंज धरतो, गंजाचा बारीक खळगा पडतो आणि लक्षावधी वेळा पिळल्या जाणाऱ्या तारेला त्या खळग्यातून तडा जातो. कोकणातल्या आणि गोव्यातल्या खाऱ्या हवेत ही हयगय लवकर भोवते. स्प्रिंग शॉकअपवरून उतरवताना ती आवळून धरणारी योग्य क्लॅम्पच वापरावी. दाबलेली स्प्रिंग निसटली तर जीव घेऊ शकते.

कायद्याचाही विचार हवा. जर्मनीत लोअरिंग स्प्रिंगसोबत तिच्या तपासणीचा लेखी दाखला मिळतो, पण तो न कापलेल्या स्प्रिंगचा असतो; एक इंच कापताच तो व्यर्थ ठरतो. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या ५२ व्या कलमान्वये, नोंदणी दाखल्यातील तपशील निर्मात्याने मूळ नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार करण्यास मालकाला मज्जाव आहे, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. शिवाय भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकानुसार बांधलेला गतिरोधकच १० सेंटिमीटर उंच असतो, आणि आपल्या गावोगावचे गतिरोधक मानकाबरहुकूम क्वचितच असतात.

माझे मत विचाराल तर उंची हवी तशी ठेवण्यासाठी आटे पाडलेल्या नळीवर बैठक फिरवता येणारे कॉइलओव्हर हाच सरळ मार्ग. स्प्रिंग कापणे क्षम्य ठरते ते एका बाजूचा थोडासा चढउतार मिटवण्यापुरते, आणि तेही चाक लोंबकळत असताना स्प्रिंग घट्ट राहते याची खातरी करून. गाडी खाली आली की बहुतेक लहान गाड्यांत पुढची चाके वरच्या बाजूने आत झुकतात आणि त्यांची समांतरताही बिघडते, त्यामुळे टायर एका कडेने झिजू लागतात. म्हणून काही दिवस गाडी चालवून स्प्रिंग आपापल्या जागी स्थिरावल्यावर चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे, आणि पुढची व मागची उंची सारखी बदलली नसेल तर हेडलाइटचा रोखही नव्याने लावावा.