एक्क्यांची जोडी आणि फुकटचं पान

टेक्सास होल्डेम. हातात इस्पीक आणि किलवरचा एक्का; टेबलावर बदाम दश्शी, बदाम सत्ती, चौकट दुर्री. तूर्त तुम्ही पुढे. पण समोरच्याकडे दोन बदाम असले, तर आणखी एक बदाम येताच त्याचा फ्लश, म्हणजे एकाच चिन्हाची पाच पानं, होतो आणि तो तुमच्या जोडीवर मात करतो. त्याला न दिसलेली पानं 47, त्यांत बदाम 9; पुढच्या पानावर शक्यता सुमारे 19 टक्के.

मध्ये 100 चिप्स आहेत. तुम्ही 25 लावले, तर त्याला 17 टक्के शक्यताही पुरते; तो आनंदाने खेळत राहील. 50 लावले, तर 25 टक्के हवी. पुढच्या पैजा सोडल्या, तर आता खेळत राहणं त्याला तोट्याचं. काहीच लावलं नाही, तर पान फुकट. सगळेच लोटले, तर कमजोर हातवाले पळतात, वरचढच उरतात.