ऊन, पाणीटंचाई आणि लहान मुले: जिवतीतील पालकांनी काय लक्षात ठेवावे?

चंद्रपूर जिल्ह्याला कडक उन्हाळा नवा नाही. मे २०१९ मध्ये चंद्रपूर शहरात पारा ४७ अंशांच्या पुढे गेला होता. मात्र हवामान बदलामुळे उष्णतेच्या लाटा आता वारंवार येतात आणि जास्त दिवस राहतात. जिवतीच्या डोंगरावरील गावांत आणि कोलाम गुड्यांवर याच दिवसांत पाण्याची टंचाई असते. याचा पहिला फटका लहान मुलांना बसतो.

मुलांनाच जास्त त्रास का?

वजनाच्या मानाने मुलांच्या त्वचेचे क्षेत्रफळ जास्त असते, त्यामुळे त्यांचे शरीर लवकर तापते. त्यांना घामही कमी येतो. तान्ह्या बाळाला तर तहान लागल्याचे सांगताही येत नाही. त्यातच विहीर आटली की गढूळ पाणी प्यावे लागते आणि जुलाब सुरू होतात. कुपोषित मुलाच्या शरीरातील पाणी झपाट्याने कमी होते.

काय करावे?

- तेंदूपत्ता तोडायला पहाटे जा. मूल सोबत असल्यास ऊन चढण्यापूर्वी परत या.
- पाणी कापडाने गाळून, उकळून थंड करून द्या.
- सहा महिन्यांपर्यंतच्या बाळाला फक्त आईचे दूध, पण उन्हाळ्यात अधिक वेळा पाजा.
- जुलाब झाल्यास ओआरएसचे मोठे पाकीट १ लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवा, २४ तासांत संपवा. डॉक्टर किंवा आशाताईंच्या सल्ल्याने झिंकच्या गोळ्या १४ दिवस द्या. जुलाब थांबले तरी बंद करू नका. जेवण आणि अंगावरचे दूध चालू ठेवा.

केव्हा थांबू नये?

मूल सुस्त पडले, डोळे खोल गेले, सहा-आठ तास लघवी झाली नाही, झटके आले किंवा उन्हात अंग खूप तापून मूल असंबद्ध बोलू लागले, तर लगेच १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत मुलाला सावलीत न्या, कपडे काढा, अंगावर पाणी टाकून वारा घाला. उष्माघातात तापाच्या गोळीचा उपयोग होत नाही. बेशुद्ध मुलाच्या तोंडात पाणी घालू नका.

डोंगरावरून दवाखाना लांब पडतो. म्हणून ओआरएसची दोन पाकिटे मार्चमध्येच आशाताईंकडून घेऊन घरात ठेवा.