सेवा-व्यापाराचे उदारीकरण

सेवा-व्यापाराचे उदारीकरण : सेवांच्या आंतरराष्ट्रीय देवघेवीवरील शासकीय निर्बंध व्यापार-करारांद्वारे शिथिल करण्याची प्रक्रिया. बँकव्यवसाय, विमा, दूरसंचार, नौवहन, वैद्यक, संगणक-प्रणालींची (सॉफ्टवेअर) निर्मिती इत्यादींचा सेवांत अंतर्भाव होतो. वस्तूंप्रमाणे सेवांवर बंदरात जकात आकारता येत नाही; परवाने, परकीय भांडवलावरील मर्यादा, व्हिसा, पदव्यांची मान्यता यांसारखे देशांतर्गत नियमच त्यांच्या व्यापारात अडसर ठरतात. त्यामुळे येथे उदारीकरण म्हणजे मुख्यतः नियमांतील बदल होय.

गॅटच्या उरुग्वे फेरीत (१९८६–९४) सेवांचा समावेश करण्यास भारत, ब्राझील आदी देशांनी प्रारंभी विरोध केला. भांडवलसंपन्न राष्ट्रांनाच त्याचा लाभ होईल, अशी त्यांना भीती होती. अखेर सेवांविषयीच्या वाटाघाटी वस्तूंपासून वेगळ्या चालविण्याची तडजोड झाली. त्यांतून निष्पन्न झालेला सेवा-व्यापारविषयक सर्वसाधारण करार (गॅट्स) १ जानेवारी १९९५ रोजी अंमलात आला. त्यात सेवा-पुरवठ्याचे चार प्रकार मानले आहेत : (१) सेवा सीमेपलीकडे पाठविणे, (२) ग्राहकाने परदेशी जाऊन ती घेणे, (३) परदेशात शाखा वा कंपनी स्थापन करणे आणि (४) सेवा देणाऱ्या व्यक्तीने तात्पुरते परदेशी जाणे. बाजारप्रवेशाचे बंधन सदस्य राष्ट्राने आपल्या सूचीत नोंदविलेल्या सेवांपुरतेच असते.

मुंबईच्या उपनगरांत यांपैकी दोन प्रकार स्पष्ट दिसतात. अंधेरी (पूर्व) येथे १९७३ मध्ये सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स निर्यात प्रक्रिया क्षेत्र (सीप्झ) स्थापन झाले. त्याच दशकात टाटा-बरोज या संयुक्त कंपनीने तेथे संगणक-प्रणालींची निर्यात सुरू केली. आरंभी तंत्रज्ञांना ग्राहकाच्या देशात पाठवावे लागे (चौथा प्रकार). उपग्रहीय दळणवळण सुलभ झाल्यावर बरेचसे काम येथूनच होऊ लागले (पहिला प्रकार). २००० नंतर मालाड, गोरेगाव, पवई भागांत परदेशी ग्राहकांसाठी रात्रपाळीत चालणारी कॉल सेंटरेही निघाली.

ही वाढ कराराने घडविलेली नव्हे. सीप्झ हे शासनाचे स्वतःचे धोरण होते. विदेश संचार निगमची आंतरराष्ट्रीय दूरध्वनीतील मक्तेदारीही शासनाने नियोजित मुदतीच्या दोन वर्षे आधी, २००२ मध्ये, संपविली. कराराचे महत्त्व निराळे आहे : सूचीत बांधून दिलेली सवलत राष्ट्राला मनास येईल तेव्हा मागे घेता येत नाही, घेतल्यास इतरांना भरपाई मागता येते.

मात्र हे बंधन सर्वत्र सारखे नाही. भांडवलाच्या प्रवेशास राष्ट्रांनी पुष्कळ वाव दिला, व्यक्तींच्या प्रवेशास अल्प. अमेरिकेने विशेष व्यवसायांतील व्यक्तींसाठी वर्षाला ६५,००० प्रवेशांची मर्यादा आपल्या सूचीत नोंदविली. तथापि तिने व्हिसा-शुल्क वाढविल्याने भारताने मार्च २०१६ मध्ये जागतिक व्यापार संघटनेकडे तक्रार नेली. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने अशा नव्या अर्जांवर १ लाख डॉलर शुल्क जाहीर केले.

यामुळे भारताने द्विपक्षीय करारांत व्यक्तींच्या प्रवेशाचा आग्रह धरला. सिंगापूरशी २००५ मध्ये झालेल्या करारात व्यावसायिकांच्या तात्पुरत्या प्रवेशाचे स्वतंत्र प्रकरण आहे. ब्रिटनशी जुलै २०२५ मध्ये झालेल्या व्यापार-कराराच्या वाटाघाटींत, तात्पुरत्या कामासाठी गेलेल्या कर्मचाऱ्यांवर दोन्ही देशांत सामाजिक सुरक्षेचे अंशदान भरण्याचा बोजा पडू नये, हेही मान्य झाले. भांडवलापेक्षा कुशल मनुष्यबळ ज्यांच्याकडे अधिक आहे, अशा देशांच्या दृष्टीने सेवा-व्यापाराच्या उदारीकरणाची खरी कसोटी या चौथ्या प्रकारातच लागते.