दरबारी वस्त्राचा काठ

मराठी दरबारात एखाद्याची नेमणूक झाली की ‘वस्त्रे मिळाली’ असे म्हणत. १७२० मध्ये शाहू महाराजांनी बाजीरावाला पेशवाईची वस्त्रे दिली. नागपूरकर भोसल्यांचा मान सेनासाहेब सुभ्याच्या वस्त्रांचा. कोरियात चोसन राजवटीच्या उत्तरकाळात दर्जा छातीवरच्या भरतकामात दिसे: वरिष्ठ मुलकी अधिकाऱ्याला दोन क्रौंच, कनिष्ठाला एक, लष्करी अधिकाऱ्याला वाघ. आपल्याकडे असे चित्र नव्हते. आपली नजर पागोट्यावर आणि धोतर-उपरण्याच्या रेशमी काठावर जाई.

असे काठ भंडारा जिल्ह्यातल्या कोष्ट्यांनी विणले. वैनगंगेकाठचे पवनी, मोहाडी, तिच्याच तालुक्यातले आंधळगाव ही त्यांची गावे. इथले खरे वैभव मात्र कोशाचे, म्हणजे टसरचे. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर, उघड्या रानात, त्याच्या अळ्या वाढतात. पाखरे आणि मुंग्या टिपून नेऊ नयेत म्हणून ढिवर कुटुंबे दिवसभर राखण करतात. त्या कोशाचा धागा मुळातच मधाच्या रंगाचा.

त्यातून करवतकाठी उभी राहते. अंग कोशाचे, काठ रंगीत तुती-रेशमाचा, आणि दोन्ही भेटतात तिथे करवतीचे दात. त्यासाठी तीन धोटे लागतात: एक अंगाचा, दोन काठांचे. दर फेरीला अंगाचा बाणा काठाच्या बाण्यात हाताने अडकवायचा. एक अडकवण चुकली की दात मोडतो, आणि ते डोळ्याला लगेच खुपते. माझ्या मते विणकराचा कस अंगात नाही, या जोडातच लागतो.

१८५३ मध्ये नागपूरचे तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले, पुढच्या वर्षी इंग्रजांनी राज्य खालसा केले. दरबार गेला, तिथला मोठा गिऱ्हाईक गेला. १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली आणि गिरणीचे स्वस्त कापड दाराशी आले. तरीही करवतकाठीचे माग थांबले नाहीत. लुगडी-साड्यांनी ते तगवले, आणि आज या कापडाला भौगोलिक मानांकनही आहे.

करवतकाठी घ्यायला गेलात तर आधी ती उलटी करा. विणलेले दात उलट्या बाजूलाही ठसठशीत दिसतात, छापलेले तिथे फिके पडतात. विणलेली असेल तर भावासाठी फार घासाघीस करू नका.