सिरियलचा खोका : पुढची चित्रं सोडा, मागची बारीक अक्षरं वाचा

वसई-विरारमध्ये सकाळ म्हणजे धावपळ. कुणाला विरार लोकल पकडायची असते, कुणाच्या मुलांची शाळेची रिक्षा खाली हॉर्न वाजवत असते. म्हणून पोहे, घावन, भाकरी-चहाच्या जोडीला कॉर्नफ्लेक्स, चोकोज, मुसली आपल्या घरांत आले. रमजानमध्ये सहरीला उशिरा जाग आली की हाच खोका आधी उघडला जातो. त्यात वाईट काही नाही. पण मटण घेताना आपण दुकान पारखून घेतो, तर मुलांच्या वाटीत रोज काय पडतं हेही बघायला हवं. त्यासाठी खोका कसा वाचायचा, ते आम्ही थोडक्यात सांगतो.

हा नाश्ता आला कुठून?

१८९४ मध्ये अमेरिकेतल्या बॅटल क्रीक गावी केलॉग बंधूंनी आरोग्यधामातल्या रुग्णांसाठी धान्याचे फ्लेक्स तयार केले. डॉक्टर असलेल्या थोरल्या भावाला त्यात साखर नको होती. धाकट्याने १९०६ मध्ये स्वतःची कंपनी काढली आणि रुग्णांचा आहार बाजारात आला. १९९४ मध्ये केलॉग्ज भारतात उतरली, कारखाना आपल्या मुंबईजवळ तळोज्याला. आपल्याकडे दूध गरम ओतायची सवय, त्यात फ्लेक्सचा लगदा व्हायचा. सुरुवातीला विक्री रखडली, मग गोड आणि चॉकलेटी प्रकारांनी मुलांना पकडलं.

हिरवा ठिपका काय सांगतो?

हिरव्या चौकोनात हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, तपकिरी त्रिकोण म्हणजे मांसाहारी. जनावरांच्या हाडं-कातडीपासून बनणारं जिलेटिन वापरलं असेल तर हिरवा ठिपका लावता येत नाही. त्यामुळे तो दिसला तर डुकराच्या जिलेटिनची धास्ती नको. पण ठिपका म्हणजे हलाल सर्टिफिकेट नव्हे. स्वादासाठी घातलेल्या इसेन्समध्ये अल्कोहोल आहे का, हे त्यावरून कळत नाही.

जास्त काळजी घ्यायची ती परदेशातून नातेवाइकांच्या बॅगेत येणाऱ्या खोक्यांची. त्यांवर आपला ठिपका नसतो. अमेरिकेतल्या ‘लकी चार्म्स’सारख्या सिरियलमध्ये मार्शमॅलो असतात आणि त्यांत जिलेटिन असतं. यादीत ‘जिलेटिन’ एवढाच शब्द असेल आणि हलालची खूण नसेल, तर आधी कंपनीकडून खात्री करा, मसला आलिमांना विचारा, मगच मुलांना द्या.

साखर कुठे लपते?

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते. साखर पहिल्या दोन-तीन नावांत असेल तर समजून जा. कधी ती ग्लुकोज सिरप, इन्व्हर्ट सिरप, मध, मॉल्ट अशा वेगवेगळ्या नावांनी विखुरलेली असते, म्हणून प्रत्येक नाव खाली दिसतं. पोषणाच्या तक्त्यात ‘ॲडेड शुगर’ची ओळ शोधा. १०० ग्रॅममागे ३० ग्रॅम लिहिलं असेल, तर ३० ग्रॅमच्या वाटीत ९ ग्रॅम, म्हणजे सुमारे दोन चमचे साखर. मूल वाटी भरून ६० ग्रॅम घेतं, तेव्हा चार चमचे होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसानेही दिवसाला साधारण २५ ग्रॅमच्या आत राहिलेलं उत्तम. मुलांसाठी त्याहून कमी. ज्या घरात दादा-दादींना डायबेटिस आहे, तिथे हा हिशेब जरूर करा.

पुढे मोठ्या अक्षरांत ‘लोह’, ‘व्हिटॅमिन’ लिहिलेलं असतं. ते वरून मिसळलेलं असतं. त्याने साखर कमी होत नाही.

दुकानात लक्षात ठेवा

- खोक्याच्या उंचीवर जाऊ नका, निव्वळ वजन बघा. आतली पिशवी बरीच लहान निघते.
- ग्रॅममागची किंमत छापलेली असते. दोन खोके ताडून पाहा.
- एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक आणि तारीख तपासा. दहा रुपयांच्या पुडीवरही.
- तक्रार असेल तर ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ ॲपवर करता येते.

गोडाशिवाय मुलं खात नसतील तर साधे कॉर्नफ्लेक्स किंवा ओट्स घ्या. त्यात खजूर किंवा आपल्या वसईची सुकेळी चिरून घाला. गोडी येते, वर साखर टाकावी लागत नाही. आणि पुढच्या वेळी दुकानात खोका मुलांच्याच हातात द्या, मागची यादी त्यांना वाचायला लावा. वाचायची सवय लागली की चित्रांना ती सहज भुलणार नाहीत.